बन्सीने कोर्स पुरा केला

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक अजून चिडतात. पण त्या गावात बन्सी नावाचा एक भोळा माणूस राहत होता, एवढं सांगायला हरकत नाही. तो काही चिडत नाही. चिड म्हणून त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

बन्सीचा नियम एकच. सांगितलं ते करायचं. जसं सांगितलं तसंच करायचं. चुकलं तर चुकीतून शिकायचं. शिकायची त्याला भारी हौस. फक्त शिकलेलं तो नेमकं भलत्याच ठिकाणी लावायचा. तसं ते मोठमोठ्या शिकलेल्यांचंही होतं, पण त्यांना मूर्ख म्हणायची पद्धत नाही.

बन्सीची बायको कांता बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. त्या गावात बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. म्हणून कांता दाराआडून घर चालवायची. स्वयंपाकाला शेजारची ठकूकाकू यायची. थोरली छबी अडीच वर्षांची. तिला खोकला झाला, तो बाळाला लागू नये म्हणून छबीला पडवीत बन्सीकडे ठेवली होती.

सोमवारी सकाळी छबीचं पोट भराभर हलायला लागलं. कांताने दाराच्या फटीतून पाहिलं.

"अवो, हिला धाप लागलीया. मागल्या साली वरच्या आळीतलं पोर असंच करत हुतं. सात दिस नळ्या लावून निजवलं हुतं त्याला. उठा, सिस्टरकडं न्या. मला लई भ्या वाटतंय."

बन्सीने छबीला खांद्यावर टाकलं आणि उपकेंद्रावर नेलं. तिथे मालन सिस्टर होत्या. जिभेने कडक, मनाने चांगल्या. त्यांनी छबीचं झबलं वर केलं, घड्याळ धरलं आणि मिनिटभर श्वास मोजले.

"सेहेचाळीस. चाळीसच्या वर गेले म्हणजे न्यूमोनिया. पण छाती आत ओढत नाही, पाणी पितेय, टुकूटुकू बघतेय. सौम्य आहे. घरीच औषध द्यायचं."

मग सिस्टरनी छबीचं वजन केलं. अकरा किलो भरलं. त्यांनी वीस गोळ्या मोजून दिल्या आणि दहा खणांचं एक कार्ड दिलं.

"दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, पाच दिवस. दिल्या की एका खणात खूण करायची. अर्ध्या तासाच्या आत ओकली तर परत द्यायच्या. छाती आत जायला लागली, काही पिईना झाली, तर तिला उचलून पळत यायचं. आणि गोळी पाण्यात..."

तेवढ्यात फोन वाजला. गुरुवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. सिस्टरचा चेहरा उतरला. फोनवर हात ठेवून त्या घाईने म्हणाल्या, "पाण्यात विरघळवून दे. जा आता."

बन्सी घरी आला. दाराआडून कांताने विचारलं, "दिली का गोळी?"

"विरघळवली."

"कशात?"

"पाण्यात."

"कंच्या पाण्यात?"

"घरात हाय त्याच की. रांजणात."

कांता नुकतीच त्या रांजणातलं तांब्याभर पाणी प्यायली होती. ठकूकाकूची डाळ त्याच पाण्यात शिजत होती. आणि बन्सी पेला घेऊन छबीसमोर बसला होता.

"पी गं बाई. अजून लई हाय."

छबी दोन पेले प्यायली आणि तिने तोंड फिरवलं. रांजण काठोकाठ होता. "मुडद्या, समद्या घराला न्यूमोनिया झालाय व्हय?" म्हणून ठकूकाकू ओरडली, आणि कांताने त्याला तसंच सिस्टरकडे पिटाळलं.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! चमचाभर पाणी रे, चमचाभर! पाजायचं ते चमच्याने, सावकाश, थेंब न सांडता. कळलं?"

"चुकलंच सिस्टर. पुढच्या खेपेला तसंच करतो."

सिस्टरनी दोन गोळ्या जास्तीच्या दिल्या. बन्सीने त्या घरी येऊन चमच्यात विरघळवल्या आणि छबीला पाजल्या. थेंब सांडला नाही. पहिल्या खणात खूण झाली. कांताला जरा हायसं वाटलं.

दुपारी ठकूकाकू म्हणाली, "बन्सी, म्हशीला पाणी पाज रं."

बन्सीने बादली भरली. चमचा घेतला. म्हशीसमोर बसला आणि सावकाश, थेंब न सांडता, पाजू लागला.

म्हशीने पहिल्या चमच्याला त्याच्याकडे पाहिलं. पंचविसाव्या चमच्याला पुन्हा पाहिलं. दोनशे अकराव्या चमच्याला तिने बादली लाथाडली, दावं तोडलं आणि ती आपल्या पायाने ओढ्यावर निघून गेली. म्हैस समजूतदार होती. बन्सी चमचा घेऊन तिच्या मागे धावला. छबीच्या गोळीची वेळ टळून गेली. कांता खोलीतून हाका मारून मारून दमली. बन्सी परतला तेव्हा दोन तास उशीर झाला होता. उशिरा का होईना, गोळी छबीच्या पोटात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी देऊन झाल्यावर कांताने त्याला सिस्टरना विचारायला पाठवलं, की उशीर झाला त्याचं काय करायचं.

"उशिरा दिलीस ते बरं केलंस. आता वेळ चुकवू नको," सिस्टर म्हणाल्या. "पण म्हशीला चमच्याने पाणी? अरे, छबी अकरा किलोची, म्हैस चारशे किलोची! ज्याचं जेवढं वजन, त्याला तेवढं. अकरा किलोला दोन, हा छबीचा हिशेब. वजन बघितल्याशिवाय कुणाला काही द्यायचंच नाही!"

"चुकलंच सिस्टर. पुढच्या खेपेला तसंच करतो."

मंगळवार चांगला गेला. मंगळवारी त्याला आणखी कुणी काही सांगितलं नाही.

बुधवारी बाळाचं बारसं होतं. गावातल्या बायका नटूनथटून आल्या. पाळणा सजला, बाळाच्या कानात नाव सांगून झालं. आता घुगऱ्या वाटायच्या. ठकूकाकूने हरभऱ्याच्या घुगऱ्यांचं भलंमोठं पातेलं बन्सीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा, समद्यांना दे."

बन्सी दाराशी जाऊन उभा राहिला. पण त्याने वाटायला सुरुवात केली नाही. तो सोसायटीच्या गोदामात गेला आणि पोती मोजायचा काटा उचलून घेऊन आला. काटा उंबऱ्याशी मांडला.

"एकेकीनं वर चढा."

बायकांना वाटलं, सरकारचं काही नवीन असेल. सिस्टर तिथेच होत्या, त्यामुळे तर खात्रीच पटली. पहिली बाई चढली.

"पंचावन्न!" बन्सी मोठ्याने म्हणाला. मग पातेल्यातून एकेक दाणा मोजून त्याने तिच्या ओंजळीत टाकला. "अकरा किलोला दोन. पंचावन्नला धा."

बाई ओंजळीतल्या दहा दाण्यांकडे बघतच राहिली.

"ठकूकाकू तेहतीस! सा दाणे."

"मुडद्या, पहाटेपास्नं मी शिजवल्यात त्या!"

"वजन वाढव काकू."

"मालन सिस्टर सहासष्ट! बारा."

सिस्टर काट्यावरून अशा उतरल्या की काटा हलत राहिला. आता सरपंचबाईंची पाळी. त्या मागे सरायला लागल्या, पण मागच्या बायकांनी त्यांना सरू दिलं नाही. इतकी एकी त्या गावात मतदानालाही दिसली नव्हती.

"अठ्ठ्याऐंशी!" बन्सीने कौतुकाने हाक दिली. "सोळा दाणे! समद्यात जास्त!"

सरपंचबाईंनी सोळा दाणे बन्सीच्या तोंडावर फेकले. त्या गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या गेल्या. जाताना मात्र एकमेकींना हळूच आकडे विचारत गेल्या. पातेलं भरलेलंच राहिलं.

सिस्टर लालबुंद झाल्या होत्या. "अरे, बायकांचं वजन असं चारचौघांत ओरडतात का? असली गोष्ट गुपचूप कागदावर लिहायची. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. घरच्यांपाशीसुद्धा नाही!"

"चुकलंच सिस्टर. पुढच्या खेपेला तसंच करतो."

त्या दिवशी दिवेलागणीला बन्सीने छबीला गोळी पाजली. सहाव्या खणात खूण केली. इतक्यात छबीला खोकल्याची उबळ आली आणि तिने सगळं औषध ओकून टाकलं.

बन्सीने इकडेतिकडे पाहिलं. पेन्सिल घेतली. कार्डाच्या मागे लिहिलं, 'ओकली.' कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि तो गप्प बसला.

"अवो, घेतली का तिनं गोळी?" कांताने विचारलं.

बन्सी गप्प.

"अवो?"

गप्प.

"छबीच्या बा! खोकल्याचा आवाज आला मघाशी. बरी हाय ना पोरगी? बोला की!"

बन्सीने ओठ आणखी घट्ट मिटले. सांगितलेलं मोडायचं म्हणजे काय?

नवरा बोलत नाही, पोरगी खोकत नाही. माणूस नेमका कधी बोलत नाही, हे कांताला ठाऊक होतं. सगळं संपल्यावर बोलत नाही. तिने बाळ खाली ठेवलं आणि कडी काढली.

"अगं, बाळंतीण तू!" ठकूकाकू आडवी आली. "बाराव्या दिशी उंबरा वलांडतीस?"

"उंबरा गेला चुलीत!" कांता म्हणाली आणि धावत पडवीत आली.

छबी गोधडीवर बसून कांदे घरंगळवत होती. आईला बघून हसली. कांताने तिला उराशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. बन्सीने न बोलता कोनाड्याकडे बोट दाखवलं. कांताने कार्ड काढलं, उलटलं, वाचलं.

"ओकली! मग परत द्यायची हुती की! आर्धा तास झाला न्हाई ना अजून?"

बन्सीने 'नाही' अशी मान हलवली. कांताने स्वतःच्या हाताने दोन गोळ्या चमच्यात विरघळवल्या आणि छबीला घोट घोट पाजल्या. तिला मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली. ह्या खेपेला छबी ओकली नाही. मग कांताने नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"जीव जायची येळ आली माझ्यावर. यापुढं कुणीबी इचारलं, तर जे असंल ते खरं खरं सांगायचं. फुडं कुणीबी असू दे. काय बी दडवायचं न्हाई!"

"चुकलंच," बन्सी म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करतो."

गुरुवार उजाडला. छबी अंगणात कोंबडीमागे धावत होती. बन्सीने सकाळची गोळी दिली, सातव्या खणात खूण केली. मालन सिस्टरनी येऊन श्वास मोजले. बत्तीस. छबी बरी होत होती. बऱ्या नव्हत्या त्या सिस्टर.

साहेबांना पुरा झालेला कोर्स बघायचा होता. अख्ख्या भागात किती गोळ्या वाटल्या त्याचा हिशेब होता, पण पुरा झालेला कोर्स एकही नव्हता. त्या गावातले लोक हुशार. दोन दिवसांत पोर हसायला लागलं, की उरलेल्या गोळ्या फळीवर. पुढच्या खोकल्याला होतील म्हणून. साडेतीन दिवस नेमाने गोळ्या दिलेलं घर एकच, ते या मूर्खाचं.

सिस्टरनी बन्सीचं कार्ड घेतलं. दोन्हीकडे पाहिलं, मागचं 'ओकली' वाचून दोन गोळ्या भरून दिल्या. स्वतःच्या पेनाने आठव्या, नवव्या आणि दहाव्या खणात खुणा केल्या आणि खाली 'कोर्स पूर्ण' असा शिक्का मारला. हे नुसतं कागदापुरतं, गोळ्या चालूच ठेव, असं त्या सांगणारच होत्या. पण जीपचा हॉर्न वाजला आणि त्या तशाच पळाल्या.

बन्सीने कार्ड पाहिलं. दहाच्या दहा खण भरले होते. म्हणजे झालं.

"सा गोळ्या उरल्या व्हय?" ठकूकाकू म्हणाली. "मग आण इकडं. माझा गुडघा धरलाय."

बन्सीने सहा गोळ्या काकूला देऊन टाकल्या. काकूने त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

उपकेंद्रासमोर मांडव घातला होता. सगळा गाव जमला होता. सरपंचबाईही आल्या होत्या, पण जरा लांब बसल्या होत्या. मोठे साहेब खुर्चीत बसले. बन्सीने त्यांना झेंडूचा हार घातला. साहेबांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि चाळीस मिनिटं भाषण केलं. एका अडाणी बापाने कोर्स कसा पुरा केला, त्यामागे खात्याची केवढी मेहनत आहे, ती मेहनत कुणाच्या मार्गदर्शनाखाली झाली, आणि ते मार्गदर्शन त्यांचं स्वतःचं कसं होतं. मग त्यांनी कार्ड उंच धरलं.

"बन्सीराव, सांगा सगळ्यांना. कोर्स पूर्ण केलात ना?"

"कार्डाचा केला सायेब."

"म्हणजे?"

"कार्डाचा आज सकाळी झाला. पोरीचा उद्या सांजच्याला व्हायचा हुता."

मांडवात कुणीतरी खोकलं.

"मग या शेवटच्या तीन खुणा?"

"सिस्टरनी केल्या."

"का?"

"तुमी येनार म्हनून."

सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. साहेब फोटोवाल्याकडे बघत होते. फोटोवाला कुणाकडे बघावं ते न कळून बन्सीकडे बघत होता.

"आणि उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?" साहेबांनी दात आवळून विचारलं.

"काकूच्या गुडघ्याला."

सगळा मांडव हसला. हसली नाही ती ठकूकाकू. तिला पुढे आणून पदराची गाठ सोडायला लावली. छबीच्या सहा गोळ्या तर निघाल्याच. त्यामागून पिवळ्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या, चिकटलेल्या अशा आणखी कितीतरी निघाल्या. निम्म्या गावाचे अर्धवट राहिलेले कोर्स त्या गाठीत होते. मग हसणारे एकेक करून गप्प झाले. ज्याला त्याला आपापली गोळी ओळखू येत होती.

सिस्टरनी ती सगळी गाठ जप्त केली आणि डब्यातून नव्या सहा गोळ्या काढून बन्सीच्या हातात दिल्या. "माझंच चुकलं रे," त्या हळूच म्हणाल्या. "आज संध्याकाळी दोन, उद्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन. विसरू नको."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. साहेबांचं कधीच चुकत नाही. त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर बन्सी उभा होता.

"मूर्खा! अर्धवट सोडतोस? एकदा सुरू केलं की दिवसातून दोनदा, पाच दिवस, पुरं केल्याशिवाय सोडायचं नाही! मध्येच बरं वाटलं तरी सोडायचं नाही! समोरच्याने तोंड फिरवलं, रडला, नको नको म्हणाला, तरी सोडायचं नाही! शिरलं डोक्यात?"

"शिरलं सायेब," बन्सी म्हणाला. "चुकलंच. पुढच्या खेपेला तसंच करतो."

आणि खरंच केलं. गुरुवारी संध्याकाळी छबीने तोंड फिरवलं, तरी दिली. शुक्रवारी सकाळी ती नको नको म्हणाली, तरी दिली. शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या दोन गोळ्या चमच्यात विरघळल्या आणि छबीच्या पोटात गेल्या. कांताने तिला मांडीवर आडवी घेतली आणि बन्सीकडे घड्याळ देऊन स्वतः श्वास मोजले. अठ्ठावीस. तिने पुन्हा मोजले. अठ्ठावीसच. पोट संथ वरखाली होत होतं. कांताने नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई गुणाचं हायसा तुमी," ती म्हणाली. "वाईच येडं हायसा, पर गुणाचं हायसा."

त्या दोन दिवसांत बन्सी छबीची गोळी झाली की सायकल काढून कुठेतरी जायचा, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. परसातला झेंडू भराभर कमी होतोय, हेही दिसत होतं. पण पोरगी बरी होत होती. तिने काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तालुक्याच्या गावी मोठे साहेब आपल्या कचेरीत कपाटामागे उभे होते. शिपायाने त्यांना आत येऊन सांगितलं होतं, की तो आला. गुरुवारी संध्याकाळी तो त्यांच्या घरी आला होता, तेव्हा साहेबांना बरं वाटलं होतं. बायकोसमोर हार घालून घ्यायला कुणाला आवडत नाही? शुक्रवारी सकाळी तो कचेरीत आला, तेव्हाही ते हसले. शुक्रवारी संध्याकाळी वरिष्ठांच्या बैठकीत घुसून त्याने हार घातला, तेव्हा ते हसले नाहीत. आणि आता दार उघडून बन्सी आत आला होता. त्याने कपाटामागे पाहिलं. साहेबांनी तोंड फिरवलं. बन्सीने मागून हार घातला.

"बाबा रे, पाया पडतो तुझ्या," साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. "पुरे झालं. मला आता नको. खरंच नको!"

बन्सीने प्रेमाने त्यांच्या गळ्यातला झेंडू सारखा केला.

"सायेब, तिसऱ्या दिशी बरं वाटाया लागलं की समदी असंच म्हनत्यात," तो म्हणाला. "अजून पाच ऱ्हायल्यात. सांजच्याला येतो."